दुसरा मोठा माणूस

सोमवार, २ जून २०२५

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असलेली बरी. नंतर लोक विचारतात, सुरुवात कशी झाली?

जिल्ह्याचे सेक्रेटरी मंजुनाथ अण्णा यांचा फोन आला होता. दक्षिण बेंगळुरूतल्या स्काउट पथकांचे लीडर्स, म्हणजे रविवारी सकाळी झोप मोडून दुसऱ्यांची पोरं सांभाळणारी मोठी माणसं, यांना ट्रेनिंग आणि सपोर्ट देण्याचं काम आता माझ्याकडे. मानधन नाही. पण पद आहे. ऑफिसात इतकी वर्षं लर्निंग अँड डेव्हलपमेंट केलं त्याचं चीज झालं.

नेमकं काय करायचं, असं अण्णांना विचारलं. म्हणाले, रविवारी जायचं, लीडरच्या शेजारी बसायचं, कसं चाललंय विचारायचं. एवढंच. अर्धं हिंदीत म्हणाले, अर्धं कन्नडमध्ये. माणूस भला आहे, व्हिजन नाही. शेजारी बसायला ट्रेनर कशाला लागतो?

संकल्प: दर रविवारी एक पथक. सहाला उठणे. युनिफॉर्म शिवणे. सगळ्या गाठी शिकणे.

अंजलीला, म्हणजे बायकोला, सांगितलं. रविवारची भाजी कोण आणणार, एवढंच तिनं विचारलं.

शनिवार, ७ जून

जे. पी. नगरला कृष्णाबाईच्या दुकानात युनिफॉर्मचं माप दिलं. सगळी पथकं हिच्याकडेच शिवतात. तीन पिढ्या बेंगळुरूत काढलेलं मराठी शिंप्याचं घर. बोलते मराठीच, पण मला सबटायटल्स लागतात. गिऱ्हाइकाला ती अण्णाच म्हणते. पोटाशी टेप धरून म्हणाली, स्वल्प ढिल्लं ठेवते अण्णा, बसायला बरं पडतं. मी सांगितलं, मला बसायचं नाहीये, उभं राहून शिकवायचंय. तिनं ढिल्लंच ठेवलं.

तिची मुलगी कावेरी, नऊ वर्षांची, स्टुलावर बसून नाडीला गाठी मारत होती. शनिवार असून गळ्यात स्कार्फ. मला बघून तिनं डावा हात पुढे केला. मी उजवा दिला. ती तशीच थांबली. मग लक्षात आलं, स्काउटमध्ये डावा हात मिळवतात. मला माहीत होतंच, तिची परीक्षा घेत होतो.

कावेरीला मधूनच फिट येते, असं आई म्हणाली. शाळा सहलीला नेत नाही. डान्स क्लासवाल्यांनी हात जोडले. घेतलं फक्त शिवलीला टीचरनं, इथल्या जे. पी. नगर पथकाच्या लीडरनं. तिची अट एकच, मैदानावर कायम दोन मोठी माणसं हवीत. एक पोरीपाशी, दुसरं बाकीच्यांपाशी. तसा हा आपल्या सगळ्याच पथकांचा नियम आहे. मी कृष्णाबाईला इन्क्लूजन या विषयावर थोडं सांगितलं. तिनं तोंडात टाचण्या धरून ऐकलं, त्यामुळे प्रश्न आले नाहीत.

रविवार, ८ जून

अलार्म सहाचा. उठलो आठला. पथकावर गेलो नाही. आधी थिअरी पक्की हवी, मग फील्ड. दिवसभर बसून 'ऐकण्याची कला' हे प्रेझेंटेशन केलं. अप्रतिम झालंय. अंजली मधे दोनदा काहीतरी म्हणाली, ते राहिलं.

बुधवार, ११ जून

शिवलीलाचा फोन. निपाणीकडची. बोम्मसंद्र्यात औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्टची नोकरी. टीचर फक्त पोरं म्हणतात. तिच्यासोबत योगीराज नावाचा एक लीडर होता, त्याची पुण्याला बदली झाली. म्हणाली, आता मी एकटीच उरले सर. दुसरं कोण मिळेपर्यंत रविवारी तुम्हीच या की. काही करू नका, नुसतं येऊन बसा. नाहीतर मीटिंग घेता येत नाही, आणि कावेरी असताना तर नाहीच नाही.

मी जागच्या जागी निर्णय घेतला. त्या पथकाचा दुसरा मोठा माणूस: मी. बाईचा आवाजच बदलला. लीडरशिप म्हणतात ती हीच.

मग डोक्यात आलं, आणखी तीन पथकांतही दुसरा माणूस नाही. तिथेही माझंच नाव दिलं. अण्णांना कळवलं की दक्षिण विभागात आता एकही पथक एकट्या लीडरवर नाही. जे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते एका संध्याकाळीत झालं.

चारही मैदानांवर रविवारी नऊलाच मीटिंग असेल तर मी जाणार कसा, असं अंजलीनं विचारलं. तिला रोटेशन समजावून सांगितलं. ती कुकर लावायला उठली.

रविवार, १५ जून

गेलो! मारतहळ्ळीहून निघायला जरा उशीर, मग पेट्रोल, मग डोसा. पोचलो तेव्हा मीटिंगची वेळ संपत आली होती. शिवलीला गेटपाशी उभी, पोरं गेटच्या आत रांगेत. दुसरं माणूस आल्याशिवाय सुरू करायचं नाही म्हणून तिनं तासभर त्यांना गाणी म्हणायला लावली होती. मी शिस्त या विषयावर बोललो. फोटो काढला. शिवलीलाला काहीतरी बोलायचं होतं, पण ऑफिसचा कॉल होता. एकूण व्हिजिट यशस्वी.

कावेरीनं डावा हात दिला. यावेळी मीही डावाच दिला.

रविवार, २२ जून

दर वेळी एकाच पथकाला भेट दिली तर बाकीच्या तिघांवर अन्याय. आज दुसरीकडे जायचं होतं. कुठे जावं या विचारात दहा वाजले.

शनिवार, २८ जून

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये लीडर्सचं पहिलं ट्रेनिंग. सगळ्यांना बोलावलं होतं. आली शिवलीला. बाकीच्यांनी लीडर्सच्या ग्रुपवर नमस्काराचे हात पाठवले.

बोम्मसंद्र्याहून दोन बस बदलून आली, शिफ्ट संपवून थेट. मी पूर्ण प्रेझेंटेशन दिलं, एक माणूस असला तरी दर्जा सोडायचा नाही. 'मध्ये न बोलता ऐका' या स्लाइडपाशी ती झोपली. पंख्याखाली मान टाकून, तोंड थोडं उघडं. मी आवाज वाढवला.

चहाच्या वेळी पुन्हा तेच. सर, ट्रेनिंग चांगलंच आहे हो, पण रविवारी कोण येणार? तिला म्हटलं, समस्या घेऊन येऊ नये, उपाय घेऊन यावं. ती म्हणाली, उपाय तुम्हीच आहे की सर, नाव तुमचंच लागलंय. थोडी सरळ बोलते. सीमेकडची माणसं अशीच.

संकल्प: उद्या जाणे. काहीही झालं तरी.

रविवार, २९ जून

पाठ धरली. काल फार वेळ उभा होतो.

रविवार, ६ जुलै

शिवलीलानं आजही मीटिंग घेतली नाही. पोरांना गेटवरूनच परत पाठवलं. वर मला फोन करून सांगितलं की कावेरी घरी जायला तयार नव्हती, गेटच्या दगडावर बसून राहिली, आईनं दुकान टाकून यावं लागलं. मला का सांगते कळत नाही.

मला राग आला. अण्णांना मी कळवून बसलोय की सगळं सुरळीत आहे. मी तिला स्पष्ट सांगितलं: माझं नाव आहे, मी फोनवर आहे, म्हणजे मी आहे. दोन मोठी माणसं झाली. घे मीटिंग. हल्ली अर्धं जग रिमोट चालतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सर, पोरीला फिट आली तर तुम्ही फोनातून धरणार काय? मी म्हटलं, हा नकारात्मक विचार झाला. शिवाय महिनाभर मीटिंग न घेणारं पथक बंद होतं, हेही सांगितलं. ते खरंच आहे, धमकी नाही.

मग ती म्हणाली, सरी. सरी म्हणजे ठीक आहे. म्हणजे पटलं.

रविवार, १३ जुलै

जे. पी. नगरच्या पथकाची मीटिंग झाली. माझ्या एका फोनचा परिणाम. मी घरी मेळाव्याच्या भाषणाची तयारी करत होतो. पुढच्या रविवारी जिल्ह्याचा मेळावा, माझा विषय 'लीडर एकटा नाही'.

संध्याकाळी शिवलीलाचा मेसेज: मीटिंग झाली, काही घडलं नाही, पण माझी छाती धडधडत होती. तिला अंगठा पाठवला.

रविवार, २० जुलै. सकाळी ७

आज भाषण. युनिफॉर्म पहिल्यांदा अंगात. पँट कमरेला ढिली, पट्ट्यात धरलीय. शिवलीला आज पोरांना तळ्याकाठी नेतेय, चुलीवर पोहे करणार आहेत. काल तिनं दोनदा विचारलं, येणार काय. सांगितलं, मेळावा आहे, पण फोन चालू आहे. घाबरट आहे जरा. तिच्यासाठी धैर्यावर एक मॉड्यूल करावं लागेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ

भाषण फार चांगलं झालं. अण्णा पुढच्या रांगेत होते. टाळ्या.

फोन बॅगेत, सायलेंटवर. स्टेजवर जाताना सगळेच करतात. पुलाव खाताना बघितलं तर शिवलीलाचे कॉलवर कॉल. मग कृष्णाबाईचे. मग पुन्हा शिवलीलाचे.

कळलं ते असं. तळ्याच्या दगडी पायऱ्यांवर कावेरीला फिट आली. ती तोंडावर पडली. हनुवटी फाटली, पुढचे दात गेले. शिवलीलानं तिला कुशीवर धरलं, पण बाकीची पोरं पाण्याच्या बाजूला, आणि तिची पाठ त्यांच्याकडे. तिनं पोरांना एकमेकांचे स्कार्फ धरून गोल करून बसवलं आणि मोठ्यानं गाणं म्हणायला लावलं. आवाज कमी झाला की एखादं पोर उठलं, हे पाठमोरी असताना कळावं म्हणून. पोरं रडत रडत गात होती.

फिट थांबली, पण रक्त थांबेना. फिरायला आलेल्या एका बाईंनी रिक्षा आणली. कावेरीबरोबर जावं तर बाकीची पोरं तळ्याकाठी एकटी. थांबावं तर कावेरी परक्या बाईबरोबर एकटी. तिनं मला फोन केला. मग पुन्हा केला. मग कावेरीला त्या अनोळखी बाईच्या मांडीवर देऊन पाठवून दिलं. रिक्षा निघाली तेव्हा पोरगी शुद्धीवर येत होती आणि टीचर टीचर करत होती, असं शिवलीला म्हणाली. एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

पोरगी सुखरूप आहे. टाके पडले. म्हणजे एका अर्थी सगळं व्यवस्थित हाताळलं गेलं. गाण्याची कल्पना चांगली आहे, ट्रेनिंगमध्ये घ्यावी.

रात्री जेवण गेलं नाही. पुलाव जड होता.

मंगळवार, २२ जुलै

हॉस्पिटलमध्ये जायचं ठरवलं होतं. पण अशा वेळी घरच्यांना जरा मोकळीक द्यावी. जिल्ह्याच्या लोगोचं एक कार्ड करून कृष्णाबाईला पाठवलं, 'लवकर बरी हो, शूर वीरा'. तिनं पाहिलं. उत्तर नाही. वीरा नको, मुलगी आहे. घाईत राहिलं.

पँट आत घ्यायला द्यायची आहे. दुसरा टेलर बघावा.

रविवार, २७ जुलै

जे. पी. नगरला पालकांची सभा. मी वेळेवर पोचलो, अण्णा स्वतः न्यायला आले होते.

पालक तापलेले. एका बाईनं पोरं पाण्याकाठी नेलीच कशी? तुमच्यात दोन माणसांचा नियम आहे ना, मग दुसरं माणूस कुठे होतं? कोण होतं?

शिवलीला समोर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. मला वाटतं मी बोलावं म्हणून वाट बघत होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, त्या दिवशी प्रत्यक्ष मैदानावर एकच लीडर होता हे दुर्दैवानं खरं आहे आणि याची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. यातला एकही शब्द खोटा नाही. मी तपासून पाहिलं.

शिवलीलानं गळ्यातला स्कार्फ काढला, गुडघ्यावर सरळ केला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि गेली. मागच्या रांगेतून कृष्णाबाई उठली आणि तिच्यामागे गेली. सभेत माझ्याशी कोणी वाद घातला नाही. परतताना अण्णांनी गाडीत रेडिओ लावला.

घरी अंजलीनं विचारलं, काय झालं. म्हटलं, लीडरनं राजीनामा दिला. तिनं विचारलं, कुठल्या. मग तीच म्हणाली, ती फोनवाली? मी आंघोळीला गेलो.

शनिवार, २ ऑगस्ट

अण्णांचा फोन. तळ्याची सहल मीटिंगमध्ये धरत नाहीत. उद्याचा रविवार राहू द्या, पण पुढच्या रविवारी मीटिंग झाली नाही तर महिना उलटतो, जे. पी. नगरचं पथक बंद. कोणी आहे का?

म्हटलं, मी आहे. मी स्वतः घेईन. शेवटी ट्रेनरच मैदानात उतरतो. अण्णा म्हणाले, दुसरं कोण? म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

संकल्प: फिट आल्यावर काय करायचं हे नीट शिकणे. शिवलीलाला फोन करणे. कृष्णाबाईच्या दुकानात जाऊन कावेरीला भेटणे. दुसरं माणूस शोधणे.

शनिवार, ९ ऑगस्ट

आठवडा ऑफिसच्या ऑफसाइटमध्ये गेला. वरच्यापैकी काही झालं नाही, पण उद्यासाठी मन तयार आहे. स्काउटला आणखी काय लागतं?

रविवार, १० ऑगस्ट. दुपार

साडेआठलाच पोचलो. ट्रॅफिकसाठी बदनाम सिल्क बोर्डचं जंक्शन मोकळं होतं. रविवारी सकाळी ते मोकळंच असतं, हे आज कळलं.

पोरं आली. निम्मीच. आईबाप गाडीतून उतरले नाहीत, गेटवर सोडून गेले. मग कृष्णाबाई आली, हात धरून कावेरी. हनुवटीवर पट्टी, पुढे दात नाहीत, गळ्यात स्कार्फ इस्त्री केलेला. कृष्णाबाई तिला पाठवणार नव्हती म्हणे. पोरीनं जेवण सोडलं, म्हणून आली. झाल्या गोष्टीचा एक शब्द नाही काढला. मैदानावर सगळीकडे बघितलं आणि विचारलं, अण्णा, दुसरं कोण?

म्हटलं, येतायत.

ग्रुपवर मेसेज टाकला, अर्जंट, एक माणूस हवं, नुसतं येऊन बसायला. लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे शब्द माझे नाहीत. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. योगीराजनं पुण्याहून अंगठा पाठवला. दुसऱ्या एका पथकाच्या लीडरनं उलट विचारलं, सर, आज आमच्याकडे येणार होता ना, मी पोरांना घेऊन गेटवर थांबलेय.

कृष्णाबाईला थांबायला सांगितलं असतं. पण रविवार तिचा कपडे द्यायचा दिवस, दुकान उघडं टाकून आली होती. तरी दुसरं कोणी येतंय का बघायला ती थांबली, भिंतीला टेकून, सारखी रस्त्याकडे बघत.

सुरू करावं असं मनात आलं. कोणाला कळणार होतं? मग कावेरीकडे बघितलं. ती पायरीवर बसली होती, शेजारी एका माणसाची जागा सोडून.  हिला आत्ता फिट आली तर आधी मान धरायची की पाय, मला माहीत नव्हतं.  इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. शिवलीला प्रत्येक रविवारी ही भीती घेऊन उभी राहायची, आणि मी तिला अंगठे पाठवत होतो.

शिवलीलाला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. मागे मशीनचा आवाज. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, कावेरी आलीय काय? आलीय म्हटलं. मग म्हणाली, सर, एकटे असाल तर मीटिंग घेऊ नका. पोरांना घरी पाठवा, आणि शेवटचं पोर जाईपर्यंत गेट सोडू नका.

मी म्हटलं, तू येतेस का? काही करू नकोस, नुसती येऊन बस.

ती म्हणाली, शिफ्ट आहे सर. फोन ठेवला.

पोरांच्या घरी फोन केले. गाड्या आल्या, काचा खाली न करता पोरं घेऊन गेल्या. अण्णांना कळवलं. ते हूं म्हणाले.

शेवटी कावेरी. कृष्णाबाईनं तिथेच तिच्या गळ्यातला स्कार्फ काढला, घडी करून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि दुकानात चल म्हणाली. कावेरीनं मला विचारलं, फिट मला आली म्हणून बंद झालं काय?

ऐकण्याच्या कलेवर मी पूर्ण दिवस बोलू शकतो. इथे एकच शब्द हवा होता. नाही असं म्हणालो तोपर्यंत त्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या. तिला ऐकू गेलं नसणार.

घरी आलो. संकल्प लिहायला वही उघडली. लाज वाटली, संकल्प लिहिला नाही. अंजलीनं विचारलं, काय झालं. सगळं सांगितलं, सभेतलं माझं वाक्यसुद्धा. कुकर लावायची वेळ झाली होती. ती उठली नाही. खुर्ची ओढून शेजारी येऊन नुसती बसली.